कुलूप बनवणाऱ्या भाचीला

ईमेल एन्क्रिप्ट करणारं सॉफ्टवेअर चारचौघांना सापडेल आणि वापरता येईल असं करायचं काम तू अंगावर घेतलंस, हे कळल्यापासून मी खूश आहे. मी बरीच वर्षं कार्यालयांचे मेलसर्व्हर सांभाळले आणि माणसांच्या शेजारी बसून त्यांना मेल वापरायला शिकवलं. त्यातून जे कळलं आणि या क्षेत्रातल्या जाणत्यांनी जे लिहून ठेवलंय, त्यातलं तुझ्या उपयोगाचं तेवढं सांगते. गणित तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं, त्यामुळे त्यात मी शिरणार नाही.

तसंही गणिताची बाजू केव्हाच भक्कम झालेली आहे. फिल झिमरमन यांनी पीजीपी हे मेल एन्क्रिप्ट करणारं सॉफ्टवेअर १९९१ साली लोकांना फुकट देऊन टाकलं. ते इतकं मजबूत होतं की अमेरिकेच्या कस्टम्स खात्याने शस्त्रनिर्यातीच्या नियमांखाली त्यांची तीन वर्षं चौकशी केली आणि १९९६ च्या सुरुवातीला खटला न भरताच ती सोडून दिली. म्हणजे तुझ्या जन्माआधीच कुलूप तयार होतं. तरी आजही आपल्या घरातले, ऑफिसातले जवळपास सगळे मेल सर्व्हरवर पडून असतात ते उघडेच. एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे जाताना मेल बहुतेक वेळा झाकलेला असतो, पण जिथे मुक्काम करतो तिथे तो त्या कंपनीला आणि आत घुसलेल्या चोराला वाचता येतो. कुलूप असून लोक ते का लावत नाहीत, या प्रश्नापाशीच तुझं काम सुरू होतं.

या प्रश्नावर पहिलं नीट काम केलं ते आल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी, १९९९ साली. ‘व्हाय जॉनी कान्ट एन्क्रिप्ट’ हा त्यांचा निबंध तू वाचला असशील. नसशील तर कोडची पुढची ओळ लिहिण्याआधी वाच. त्यांनी ईमेलला सरावलेली १२ माणसं घेतली, पीजीपी ५.० त्यांच्यासमोर ठेवलं आणि एक प्रसंग नेमून दिला: तुम्ही एका निवडणूक प्रचारात काम करताय, उमेदवाराच्या दौऱ्याचं गुप्त वेळापत्रक सहकाऱ्यांना सही करून, एन्क्रिप्ट करून पाठवायचं आहे. हाताशी ९० मिनिटं. तेवढ्या वेळात एक तृतीयांश लोकांनाच ते जमलं. तिघांनी ते गुपित चुकून उघडंच पाठवून दिलं. आणि सात जणांनी काय केलं, तर सहकाऱ्यांना पाठवायचा मजकूर स्वतःच्याच सार्वजनिक किल्लीने बंद केला, म्हणजे तो सहकाऱ्यांना उघडणंच शक्य नव्हतं.

या सात जणांचा तू मनापासून विचार कर. ते बुद्धीने कमी नव्हते. सार्वजनिक किल्ली म्हणजे आपण गावभर वाटलेलं उघडं कुलूप. ज्याला आपल्याला काही पाठवायचंय त्याने ते लावावं, आणि उघडायची किल्ली फक्त आपल्या कनवटीला. एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि पडद्यावरच्या चित्रांतून ते कळतही नव्हतं. चांगला माणूस ‘माझी किल्ली’ म्हटल्यावर आपलीच किल्ली वापरणार. व्हिटन आणि टायगर यांनी आणखी एक लिहून ठेवलंय: सर्वसाधारण मापाने बघितलं तर पीजीपी ५.० चा पडदा चांगला होता. बटणं सुबक होती, मेनू नीट होते. म्हणून तुझ्या गटातलं कुणी ‘आपण नवं डिझाइन केलंय, आता झालं सोपं’ असं म्हणालं तर तेवढ्यावर खूश होऊ नकोस. सुबक असणं वेगळं आणि माणसाच्या हातून योग्य तेच घडणं वेगळं.

पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी ब्राउझरमध्ये चालणारं मेलव्हेलोप होतं आणि माणसांच्या दहा जोड्या होत्या. एकाच जोडीला एकमेकांशी एन्क्रिप्ट केलेला मेल पाठवता आला, आणि त्या जोडीतल्या एकाला सार्वजनिक किल्लीचा प्रकार आधीपासून ठाऊक होता. मध्ये १६ वर्षं गेली होती.

आता तू म्हणशील, ज्याला खरीच गरज आहे तो शिकेल की. मावशी म्हणून सांगते, हा समज मनातून काढून टाक. एडवर्ड स्नोडेन यांनी डिसेंबर २०१२ मध्ये ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराला टोपणनावाने मेल पाठवून विनवलं की आधी पीजीपी बसवून घ्या, मग बोलू. पायरीपायरीने सूचना लिहून पाठवल्या, व्हिडिओसुद्धा करून दिला. ग्रीनवाल्ड हे सरकारी पाळतीवरच लिहिणारे पत्रकार, पण कामाच्या धबडग्यात त्यांच्याकडून ते राहूनच गेलं. शेवटी स्नोडेन यांनी लॉरा पॉइट्रस या चित्रपटकर्तीकडे मोर्चा वळवला, तिला एन्क्रिप्शन येत होतं, आणि गाडी पुढे सरकली. जून २०१३ मध्ये अमेरिकी सरकारच्या पाळतीबद्दल जे जगाला कळलं ते एका अवघड सॉफ्टवेअरमुळे कदाचित कळलंही नसतं. ज्याला गरज असते त्याच्याकडे वेळ नसतो, आणि गरज आहे हे त्याला बहुतेकदा उशिरा कळतं. वकिलाला अशिलाचा कागद आज संध्याकाळी पाठवायचा असतो. बातमीदाराला माहिती देणारी बाई सरकारी कचेरीतल्या कॉम्प्युटरवरून दहा मिनिटं काढून लिहीत असते. तुझं सॉफ्टवेअर त्या दहा मिनिटांसाठी आहे.

म्हणून बसवताना काहीही विचारू नकोस. पीजीपीच्याच धर्तीच्या जीएनयूपीजी या मुक्त सॉफ्टवेअरला पूर्ण पर्यायांसह किल्ली बनवायला सांगितलं की ते विचारतं: किल्ली कोणत्या प्रकारची, किती बिटांची, किती दिवस टिकायची, नाव काय, पत्ता काय, शेरा काय. यातल्या नाव आणि पत्ता या दोनच गोष्टी माणसाला माहीत असतात, आणि त्याही मेलच्या खात्यात आधीच भरलेल्या असतात. उरलेल्यांचं उत्तर तुला माहीत आहे, त्याला नाही. तर ते तूच दे. जो प्रश्न तू विचारशील तिथे माणूस थांबेल, घाबरेल, कुणाला तरी फोन करेल, आणि फोन नाही लागला तर खिडकी बंद करेल. तज्ज्ञांसाठी सगळे पर्याय ठेव, पण ते आत, तीन पायऱ्या खाली. तुझ्या गटात अशी माणसं असणार ज्यांना प्रत्येक पर्याय पहिल्या पडद्यावर हवा असतो, कारण ते स्वतः वापरतात. त्यांच्याशी गोड बोल, पण पहिला पडदा त्यांच्या हाती देऊ नकोस.

किल्ल्या एकमेकांपर्यंत पोचवणं हा या सगळ्यातला सर्वांत चिवट भाग. जुन्या काळी त्यासाठी किल्ल्यांचे सर्व्हर होते. तिथे कुणीही कुणाच्याही नावाची किल्ली चढवू शकत होतं, आणि एकदा चढवलेलं काढता येत नव्हतं. जून २०१९ मध्ये कुणीतरी या क्षेत्रातल्याच दोन जाणत्या माणसांच्या किल्ल्यांवर खोट्या सह्यांचा असा ढीग चढवला की त्या किल्ल्या मागवणाऱ्याचं सॉफ्टवेअर जागीच गुदमरायचं. त्याच महिन्यात ओपनपीजीपीचा, म्हणजे पीजीपीवरून बनलेल्या खुल्या प्रमाणाचा, नवा सर्व्हर सुरू झाला. तो पत्त्यावर मेल पाठवून खातरजमा करतो, आणि आपली नोंद आपण काढू शकतो. तुझं सॉफ्टवेअर किल्ली शोधायला जाईल तेव्हा आधी ज्याचा मेल आहे त्याच्याच डोमेनवर बघू दे, मग अशा खातरजमा करणाऱ्या सर्व्हरवर. आणि शोधायचं काम माणसावर टाकू नकोस. त्याने पत्ता टाइप केला की मागच्या मागे शोध झाला पाहिजे.

ऑटोक्रिप्ट नावाच्या प्रकल्पातल्यांनी याहून सोपी वाट काढली, २०१६ च्या अखेरीस त्यांनी काम सुरू केलं. प्रत्येक मेलच्या न दिसणाऱ्या माथ्यावर पाठवणाऱ्याची सार्वजनिक किल्ली आपोआप जाते. पहिला मेल उघडा, पण त्याच्या उत्तरापासून पुढे कुलूप लावता येतं, आणि दोघांनीही ‘शक्य असेल तेव्हा लाव’ असं म्हटलं असेल तर ते आपोआप लागतं. वाटेत बसलेल्या लबाडाने किल्लीच बदलली तर हे फसतं, असा आक्षेप तुला पहिल्याच बैठकीत ऐकायला मिळेल. आक्षेप खरा आहे. तरी माझं मत असं की लाखो लोकांचे मेल चाळणाऱ्यापासून वाचवणारं साधं कुलूप, कुणीच न लावलेल्या परिपूर्ण कुलपापेक्षा कितीतरी मोलाचं. ज्यांच्या जिवाला खरा धोका आहे त्यांच्यासाठी समोरासमोर भेटून क्यूआर कोड दाखवायची सोय कर. किल्लीची ओळख पटवणारा चाळीस अक्षरांचा फिंगरप्रिंट फोनवर वाचून दाखवायला सांगू नकोस, ‘बी’ आणि ‘डी’ मध्ये माणसं अडकतात.

आता पाठवण्याच्या बटणाबद्दल, आणि इथे माझं बोट धरून सावकाश चल, कारण खरे घात इथे होतात. बाकी सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर ती मागे घेता येते. उघडा गेलेला मेल मागे घेता येत नाही. म्हणून पाठवण्याआधी एकच खूण हवी, मोठी, शब्दांत: ‘हा मेल बंद जाईल’ किंवा ‘हा मेल उघडा जाईल’. नुसतं कुलपाचं चित्र पुरत नाही, कारण ब्राउझरमध्ये तेच चित्र वेगळ्या अर्थाने माणसाने वर्षानुवर्षं बघितलेलं असतं. पाच जणांना मेल चाललाय आणि एकाची किल्ली नाही, तर त्या एकाचं नाव घेऊन सांग. त्याला वगळायचं की थांबायचं हे माणूस ठरवेल. गुपचूप सगळ्यांना उघडं पाठवायचं नाही, कधीच नाही. बंद आलेल्या मेलचं उत्तर बंदच गेलं पाहिजे, कारण खाली मूळ मजकूर जोडलेला असतो. आणि ड्राफ्ट! मेल लिहिताना थोड्याथोड्या वेळाने त्याची प्रत सर्व्हरवर जपून ठेवली जाते. तू शेवटी कुलूप लावलंस आणि आधीचे ड्राफ्ट तिथे उघडे पडले, तर सगळं व्यर्थ. ड्राफ्टही बंद करूनच ठेव.

इशाऱ्यांवर विसंबू नकोस, हे २०१८ च्या मे महिन्याने सगळ्यांना शिकवलं. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या आणि इतर संशोधकांनी ईफेल नावाचा हल्ला जाहीर केला. एन्क्रिप्ट केलेल्या मेलमध्ये कुणी वाटेत फेरफार केला असेल तर जीएनयूपीजी तसा इशारा देत होतं. पण काही मेल प्रोग्राम तो इशारा बाजूला ठेवून मजकूर दाखवत होते, आणि त्या मजकुरातूनच गुपित बाहेर जात होतं. यातून तुझ्यासाठी एवढंच: मेल बिघडलेला असेल तर तो दाखवूच नकोस. ‘धोका आहे, तरीही बघायचं का?’ असं विचारलंस तर माणूस ‘हो’ म्हणणार. मीही कार्यालयात हे रोज बघत आले. पुढे जायचं बटण दिसलं की हात आपसूक तिकडे जातो.

थोडं आपल्या आसपास बघ आता. बँकेचं महिन्याचं स्टेटमेंट मेलवर येतं ते पासवर्ड लावलेली पीडीएफ म्हणून. ई-आधार उतरवलं की त्याचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं साल. सुरक्षा म्हणून हे कच्चं आहे. ज्याला तुझं नाव आणि वय माहीत आहे त्याला ते उघडतं. पण सत्तरीतले आजोबासुद्धा ते बिनबोभाट उघडतात, हे विसरू नकोस. ते का जमतं? सूचना त्याच मेलमध्ये असते, एका वाक्यात, आधी काही बसवावं लागत नाही, आणि ज्या फोनवर मेल आला त्याच फोनवर ते उघडतं. तुझं सॉफ्टवेअर कितीही थोर असलं तरी या तीन गोष्टींत त्या पीडीएफशी बरोबरी करू शकलं पाहिजे. ज्याच्याकडे तुझं सॉफ्टवेअर नाही अशा माणसाला बंद मेल गेला, तर त्याला अगम्य अक्षरांचा गठ्ठा दिसता कामा नये. वर दोन ओळी हव्यात, त्याच्या भाषेत: हा मेल कुणी, का बंद केलाय आणि तो उघडायला काय करायचं.

दुसरं उदाहरण डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचं. ई-टेंडर भरणारे कंत्राटदार, कंपन्यांची विवरणपत्रं भरणारे संचालक, या सगळ्यांकडे यूएसबीत लावायचा टोकन असतो आणि त्यात त्यांची खाजगी किल्ली असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने त्या सहीला हातच्या सहीचं बळ दिलेलं आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत सार्वजनिक आणि खाजगी किल्लीची जोडी वापरणारी माणसं आहेत, आणि आपण ती वापरतो हे त्यांना ठाऊक नाही. ही आनंदाची गोष्ट आहे. तंत्र माणसाला न समजताही वापरता येतं याचा हा पुरावा. पण याची दुसरी बाजूही बघ. अनेक सीएंच्या कार्यालयांत क्लायंटचे टोकन एकाच ड्रॉवरमध्ये असतात, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर पिन. ड्रायव्हर बसवा, ब्राउझर बदला, जावा चढवा, असं करता करता माणूस कंटाळला आणि त्याने आपली सहीच दुसऱ्याच्या हातात दिली. वापर अवघड झाला की माणूस सुरक्षा सोडून देतो, किंवा ती दुसऱ्याला सोपवतो. दोन्हीत तुझ्या गणिताचं काही चालत नाही.

किल्ली हरवण्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेव. लॅपटॉप बिघडला, खाजगी किल्ली त्याच्याबरोबर गेली, आणि चार वर्षांचे मेल कायमचे बंद झाले, असं ज्याच्या वाट्याला आलं तो पुन्हा कधी एन्क्रिप्शनचं नाव घेत नाही, आणि ओळखीच्या सगळ्यांना सांगतो. त्याचं बरोबर आहे. म्हणून किल्ली तयार झाल्याबरोबर तिची बंद केलेली प्रत काढून घे आणि ती उघडायचा आकडा कागदावर लिहायला लाव. हो, कागदावर, कपाटातला कागद रशियातल्या चोराला दिसत नाही. ऑटोक्रिप्टने यासाठी ३६ अंकी आकडा ठेवला, चार-चार अंकांचे नऊ गट. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. अंक कुठल्याही भाषेच्या माणसाला लिहिता येतात, वाचून दाखवता येतात.

मराठी माणसासाठी करत असशील तर इथे एक बारीक गोष्ट आहे, ती बाहेरच्या कुणी सांगणार नाही. पासफ्रेझ, म्हणजे किल्लीला लावायचा लांब पासवर्ड, मराठीत टाकायची माणसाला इच्छा होणार, आणि व्हावीच; आपल्या भाषेतलं वाक्य लक्षात राहतं. पण ‘वाऱ्यावर’ हा शब्द घे. त्यातला ऱ काही कीबोर्ड एकच अक्षर म्हणून लिहितात, काही र खाली नुक्ता देऊन, तर काही र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्याला तिन्ही सारखे, कॉम्प्युटरला तिन्ही वेगळे. घरच्या लॅपटॉपवर ठेवलेली पासफ्रेझ फोनवर चालेनाशी होते आणि माणसाला वाटतं आपणच विसरलो. तेव्हा मजकूर आधी युनिकोडच्या प्रमाण रूपात आण, र, हलन्त आणि जोडचिन्ह असं रूप दिसलं तर तेही ऱ मध्ये बदल, उरलेली न दिसणारी चिन्हं काढून टाक, मगच पुढे जा. १२३ आणि त्यांची इंग्रजी रूपं दोन्ही चालू दे. आणि पासफ्रेझ लिहिताना ती दिसण्याची सोय दे. जोडाक्षर नीट उमटलं का हे ठिपक्यांवरून कळत नाही.

आता सॉफ्टवेअर सापडण्याबद्दल. आज कुणी शोधायला निघालं तर विंडोजला जीपीजी४विन, मॅकला जीपीजी स्वीट, अँड्रॉइडला ओपनकीचेन, ब्राउझरला मेलव्हेलोप. शिवाय पीजीपी, ओपनपीजीपी आणि जीएनयूपीजी यांत फरक काय हे समजून घ्यायचं ते वेगळंच. सगळी कामं चांगल्या माणसांनी निष्ठेने केलेली आहेत, पण नवा माणूस दारातच गोंधळतो. तुझ्या पानावर माणूस आला की त्याचं यंत्र कोणतं हे पानाने ओळखावं आणि एकच बटण दाखवावं. पानावरची भाषा अडचणीची हवी, तंत्राची नको. कुणीही ‘ओपनपीजीपी’ असा शोध घेत नाही. ‘ईमेल दुसऱ्याने वाचू नये म्हणून काय करावं’ असं शोधतात. ते वाक्य तुझ्या पानावर असू दे, मराठीत, हिंदीत, कोकणीत. खोट्या पानांवरून फसवं सॉफ्टवेअर उतरवलं जातं, म्हणून फाइलवरच्या सहीची खात्री करून घ्यायला सांगतात. पण ती खात्री करायला तेच सॉफ्टवेअर लागतं, तर नवा माणूस काय करणार? विंडोज आणि मॅक स्वतः तपासतात अशी सही तुझ्या फाइलवर असली पाहिजे. त्याला पैसे पडतात. ते उभे कर.

मात्र सर्वांत चांगलं सापडणं म्हणजे शोधावंच न लागणं. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सगळ्यांच्या संदेशांना एन्क्रिप्शन लावलं. शंभर कोटींहून जास्त लोकांनी त्यासाठी एक बटणही दाबलं नाही. ईमेलमध्ये ते इतकं सरळ नाही, कारण ईमेल कुणा एका कंपनीचं नाही आणि तेच त्याचं मोठेपण आहे. पण थंडरबर्ड या मेल प्रोग्रामने २०२० मध्ये ओपनपीजीपी आपल्या पोटात घेतलं, त्याआधी त्यासाठी एनिगमेल वेगळं शोधून बसवावं लागायचं. तुझ्यापुढे नवा स्वतंत्र प्रोग्राम की असलेल्या मेल प्रोग्राममध्ये सुधारणा, असा पेच आला तर सुधारणा निवड. त्यात तुझं नाव कुठे दिसणार नाही, आणि तरी निवड.

फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २०१४ मध्ये नवख्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली, त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. एन्क्रिप्शन बसवल्यावर पहिला मेल पाठवायचा कुणाला? ओळखीत कुणाकडेच ते नसतं. त्यांनी एडवर्ड नावाचा एक यांत्रिक वाचक ठेवला; त्याला बंद मेल पाठवला की तो उघडून बंद उत्तर देतो. पहिल्या पाच मिनिटांत ‘जमलं’ असं वाटलं की माणूस टिकतो. असा एक वाचक तूही ठेव, आणि तो मराठीत उत्तर देऊ दे.

माणसाशी खरं बोल. ओपनपीजीपीने मजकूर बंद होतो, पण कुणी, कुणाला, केव्हा पाठवला हे उघडंच राहतं, आणि कित्येक प्रोग्राममध्ये विषयाची ओळसुद्धा. हे बारीक अक्षरात लपवू नकोस. जिच्या नोकरीवर बेतू शकतं तिला ते आधी कळलं पाहिजे. कायदाही माहीत असू दे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार मजकूर उघडून द्यायला सांगू शकतं. सप्टेंबर २०१५ मध्ये एक मसुदा आला होता, त्यात नागरिकांनी एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराची साधी प्रत ९० दिवस जपावी असं म्हटलं होतं. टीका एवढी झाली की तो लगेच मागे घ्यावा लागला. आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तू करतेस ते काम या हक्काचं आहे, ते खाली मान घालून करायचं काम नाही.

पैशाचंही बोलून घेते. जीएनयूपीजी वेर्नर कॉख यांनी १९९७ पासून बहुतांशी एकट्याने सांभाळलं. २०१५ च्या सुरुवातीला त्यांची ओढाताण बातमीत आली तेव्हा कुठे मदतीचा ओघ सुरू झाला. फेसबुक आणि स्ट्राइप यांनी वर्षाला प्रत्येकी ५०,००० डॉलर द्यायचं मान्य केलं. इतकं जग ज्यावर विसंबून होतं ते एका माणसाच्या तब्येतीवर चालू होतं. तुझ्याबरोबर किमान दोघं अशी ठेव ज्यांना सगळा कोड कळतो, आणि देणगी मागायला लाजू नकोस.

शेवटचं, आणि हे टाळू नकोस: आवृत्ती बाहेर काढण्याआधी पाच-सहा परकी माणसं बसव. कॉलेजातले मित्र नकोत. एखादी वकील, दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, सीएकडे काम करणारा मुलगा, तालुक्याचा बातमीदार. त्यांना काम दे, शेजारी बस आणि तोंडातून शब्द काढू नकोस. त्यांचा हात कुठे थांबतो ते लिहून घे. जिथे तुला ‘अहो, ते नाही, हे दाबा’ म्हणावंसं वाटेल, ती जागा बदलायची. दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊनच ये. आमच्या इमारतीतल्या वकीलबाईंना मी विचारून ठेवलंय, पहिल्या त्या बसतील.